मावशी, तू नक्की काय आहेस?

परवा रविवारी भाची आली होती घरी. बारावी झालीय, पाच वर्षांच्या लॉची सीईटी दिलीय, आणि आता डोक्यात नवीन घोळ असा की लॉ करू का जर्नालिझम करू. मिसळीचा दुसरा पाव उचलता उचलता तिनं सरळ विचारलं, "मावशी, मैत्रिणींनी विचारलं तर मी काय सांगू? तू नक्की काय आहेस? वकील, पत्रकार का कॉलेजवाली?"

तिनं सहज विचारलं पण मला हा प्रश्न नवीन नाही. एलएलबी झाल्यावर चार वर्षं मी इथे नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळच्या जिल्हा कोर्टात ज्युनियरशिप केली, मग एका पेपरच्या नाशिक ऑफिसात नऊ वर्षं डेस्कवर काढली, आणि आता सात वर्षं झाली लॉच्या पोरांना शिकवतेय आणि शिकवण्यापेक्षा जास्त वेळ परीक्षेचं काम बघतेय. आमची मोठी आत्या प्रत्येक लग्नात चार लोकांत म्हणायची, "हिचं एक ना धड भाराभर चिंध्या." ती वाईट मनाची नव्हती, तिला काळजी वाटायची. पण ते वाक्य लागायचं, आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते मला बरीच वर्षं सुचलं नाही.

तर भाचीला मी माझ्याबद्दल काही सांगितलंच नाही, तिला मी नारायण गणेश चंदावरकर सांगितले. तिनं नाव ऐकलं नव्हतं. तुमच्यातल्याही बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल, म्हणून इथे पण लिहिते.

माणूस मूळ होनावरचा, उत्तर कानड्यातला, जन्म १८५५ चा. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, १८८१ ला कायद्याची पदवी घेतली, आणि वकिलीबरोबरच इंदुप्रकाश पेपरच्या इंग्रजी भागाचे संपादक पण होते. इंदुप्रकाश म्हणजे १८६२ ला मुंबईत सुरू झालेला, मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकाच अंकात छापणारा, सुधारकांच्या बाजूचा पेपर. विधवाविवाहासाठी आयुष्य घातलेले विष्णुशास्त्री पंडित त्याच्या मराठी बाजूला होते, इंग्रजी बाजू सुरुवातीला न्यायमूर्ती रानड्यांनी सांभाळली होती. त्या खुर्चीत चंदावरकर सुमारे दहा वर्षं बसले. म्हणजे दिवसा कोर्ट आणि नंतर अग्रलेख. १८८५ मध्ये विलायतेत निवडणूक होती, तेव्हा तिथल्या मतदारांना हिंदुस्थानची बाजू समजावून सांगायला तिघांना पाठवलं, बंगालमधून मनमोहन घोष, मद्रासहून रामस्वामी मुदलियार आणि मुंबईहून हे. वय तिशीचं. ते परत येतायत त्याच सुमारास डिसेंबरात मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरत होतं. पुढे १९०० साली लाहोरच्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले, आणि लगेच १९०१ मध्ये मुंबई हायकोर्टाचे न्यायाधीश. रानडे गेले त्याच वर्षी, त्यांच्यामागे प्रार्थना समाजाची धुरा पण यांच्याकडेच आली. विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढलं त्याचे अध्यक्ष हेच. आणि १९०९ ते १९१२ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू.

वकील, संपादक, न्यायाधीश, कुलगुरू. एका जन्मात. भाची म्हणाली, "त्यांच्या आत्या काय म्हणत असतील?"

आता एक गोष्ट लक्षात घ्यायला पाहिजे. तेव्हा कुलगुरू म्हणजे आजच्यासारखी जाहिरात, सर्च कमिटी, पाच वर्षांची टर्म, बंगला, गाडी असं काही नव्हतं. ते मानाचं पद होतं, माणूस आपलं मूळ काम करत करत ते सांभाळायचा, आणि मुंबईत तर हायकोर्टाचे न्यायाधीश कुलगुरू होणं ही जवळजवळ रीतच होती. पहिले हिंदी कुलगुरू काशिनाथ त्रिंबक तेलंग, ते पण हायकोर्टाचे न्यायाधीशच. फोर्टात हायकोर्ट आणि विद्यापीठ शेजारी शेजारी आहेत, दोन्हीच्या तोंडासमोर ओव्हल मैदान. मी मुंबईला गेले की मुद्दाम त्या फुटपाथवरून चालते, एका दारातून निघालं की पाच मिनिटांत दुसऱ्या दारात. ते रोज तसे चालत जायचे असं मी म्हणत नाही, पण दोन्ही कामं त्या पाच मिनिटांच्या अंतरात होती एवढं खरं.

इथपर्यंत भाची खूश होती. मग मी पुढचं सांगितलं, कारण नाशिकमध्ये बसून चंदावरकरांची गोष्ट इथे थांबवणं म्हणजे निम्मी गोष्ट सांगणं.

मी रोज सकाळी गोल्फ क्लबवर चालायला जाते. त्याचं खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. ट्रॅकवर चालणाऱ्या, क्रिकेट खेळणाऱ्या, लाफ्टर क्लबवाल्या सगळ्यांना विचारा कान्हेरे कोण, बरेच जण सांगतील, अजून सांगतात, आणि ते मला फार बरं वाटतं. २१ डिसेंबर १९०९ ला इथल्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनच्या बदलीनिमित्त शारदा नाटकाचा प्रयोग होता, तिथे अठराएक वर्षांच्या कान्हेऱ्यांनी त्याला गोळी घातली. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे, तिघांना ठाण्याच्या जेलमध्ये फाशी झाली. त्यापाठोपाठ नाशिक कटाचा मोठा खटला उभा राहिला, त्यात भगूरचे विनायक दामोदर सावरकर आणि आणखी बरेच, सगळे मिळून ३८ आरोपी. १९०८ च्या कायद्याप्रमाणे खास कोर्ट, तीन न्यायाधीश, ज्युरी नाही. डिसेंबर १९१० मध्ये निकाल लागला, सावरकरांना जन्मठेप, काळं पाणी.

ते तीन न्यायाधीश म्हणजे सर बेसिल स्कॉट, हीटन आणि चंदावरकर.

मला हे कळलं तेव्हा मी ज्युनियर होते. आमच्या सरांकडे त्यांच्या आजोबांपासूनचे बॉम्बे लॉ रिपोर्टरचे, म्हणजे हायकोर्टाचे निकाल छापणाऱ्या मालिकेचे, जुने खंड होते, लाल-काळ्या बांधणीचे, उघडले की वाळवीचा आणि जुन्या कागदाचा वास येणारी पानं. एकदा भाडे नियंत्रणाच्या कुठल्यातरी मुद्द्यावर सायटेशन, म्हणजे जुन्या निकालाचा दाखला, शोधत होते आणि १३ वा खंड हातात आला, १९११ चा. पान चाळता चाळता एम्परर विरुद्ध विनायक दामोदर सावरकर. मी उभ्या उभ्या वाचायला लागले आणि अर्धा तास तिथेच. माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या, लंडनहून चतुर्भुज अमीन नावाच्या स्वयंपाक्यानं पेटीच्या खोट्या तळात आणलेली २० ब्राउनिंग पिस्तुलं, कोण कुणाला कुठे भेटलं, कुठलं पत्रक कुठे सापडलं. भाषा एकदम सपाट. हिशेबाच्या वहीसारखी एकाखाली एक नोंद. आणि ज्या गल्ल्यांमधून मी रोज स्कूटीवरून कोर्टात येत होते त्याच गल्ल्या त्यात. तीळभांडेश्वरच्या गल्लीतून गेले की अजून मला ते छापील पान आठवतं.

तेव्हा राग आला होता मला. खूप. की जो माणूस काँग्रेसचा अध्यक्ष होता, जो परकीय सरकारवर दहा वर्षं अग्रलेख लिहीत होता तो या बाकावर कसा बसला. आणि हे पण आहे की सावरकरांची बीए ची पदवी मुंबई विद्यापीठानं १९११ मध्ये काढून घेतली, तेव्हा कुलगुरू चंदावरकरच होते. ती पदवी परत दिली १९६० ला. म्हणजे एकाच माणसावर एकाच दोन वर्षांत कोर्टाचा पण निकाल आणि विद्यापीठाचा पण, आणि दोन्ही इमारतींमध्ये तोच माणूस.

भाचीचा चेहरा पडला. "मग तू त्यांचं कौतुक का सांगत होतीस?"

तिला जे सांगितलं ते नीट जमलं नाही म्हणून इथे परत सांगायचा प्रयत्न करते.

वकील, संपादक आणि विद्यापीठातला माणूस, ही तीन वेगळी आयुष्यं आहेत असं लोकांना वाटतं. मी तिन्ही ठिकाणी बसलेय, खालच्या खुर्चीवर का होईना, आणि मला ते एकच काम वाटतं. तिन्हीकडे तुम्ही कागदावर काहीतरी लिहिता आणि त्यावरून दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य इकडचं तिकडे होतं. कोर्टात ते सहीनिशी होतं, पेपरात बहुतेक वेळा बिनसहीचं, विद्यापीठात शिक्क्यानिशी. आणि तिन्हीकडे लिहायच्या आधी समोरच्याचं ऐकून घ्यावं लागतं. वकिली शिकवते ती हीच गोष्ट, कितीही कंटाळवाणं असलं तरी दुसऱ्या बाजूचा से, म्हणजे तिचं म्हणणं, येईपर्यंत थांबायचं. हे एकदा अंगात भिनलं की पुढे कुठेही गेलात तरी ते बरोबर येतं. यावं.

पण येतंच असं नाही. मी माझंच सांगते.

पेपरला असताना एका रात्री पोलिसांची प्रेसनोट आली, सातपूरकडच्या एका दुकानातल्या दिवाणजीवर पैशांच्या अपहाराचा गुन्हा. रात्रीचे ११:४० झालेले, शहर आवृत्तीचं पान सोडायचं होतं, हेडिंग दोन कॉलमात बसवायचं होतं. मी लिहिलं होतं, अपहाराचा आरोप असलेल्या दिवाणजीस अटक. बसेना. एक ओळ जास्त होत होती. पान लावणारा म्हणाला मॅडम कापा. मी कापलं, आणि झालं, अपहार करणाऱ्या दिवाणजीस अटक. मी एलएलबी, चार वर्षं कोर्टात काढलेली, आरोप असलेला आणि करणारा यातला फरक मला त्या खोलीत सगळ्यात जास्त माहीत होता, आणि माझ्याच हातानं तो शब्द गेला कारण तो कॉलमात बसत नव्हता.

तीन वर्षांनी ते गृहस्थ ऑफिसात आले. साठीचे असतील, पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये निकालाची सर्टिफाइड नक्कल. निर्दोष सुटले होते. आवाज चढवला नाही, काही नाही, फक्त म्हणाले की ताई, तेव्हा छापलं होतं तसं हे पण छापाल का. छापलं आम्ही. सहाव्या पानावर, एक कॉलम, दोन इंच. दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि त्या अंकाच्या दहा प्रती विकत घेऊन गेले. नातेवाइकांना द्यायच्या म्हणाले. मी त्यांना सांगू शकले नाही की पहिलं हेडिंग माझं होतं. पेपरात हेडिंगवर सही नसते ना.

तेव्हापासून चंदावरकरांकडे मी जरा वेगळं बघते. त्यांनी जे चूक केलं, आणि नाशिककर म्हणून मला ती चूकच वाटते, ते त्यांच्या नावानिशी छापलेलं आहे, ११० पेक्षा जास्त वर्षं कुणीही ते पान उघडून त्यांना जाब विचारू शकतो. आणि ते एकच पान नाही. टिळकांचा ताईमहाराज प्रकरणातला, दत्तकाच्या वादाचा दिवाणी दावा, त्यात चंदावरकर आणि हीटन यांनी हायकोर्टात टिळकांच्या विरुद्ध निकाल दिला आणि १९१५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, तो फिरवला. १९१८ मध्ये बंगालमधल्या स्थानबद्धांची प्रकरणं तपासायला सरकारनं न्यायमूर्ती बीचक्रॉफ्ट आणि यांना बसवलं, ८०६ प्रकरणं होती, या दोघांनी सोडा म्हणून सांगितलं ते फक्त ६ जणांना. ते पण कागदपत्रं वाचून, माणसांना आपली बाजू वकिलामार्फत मांडायला न मिळता. म्हणजे जो नियम वकिलीनं पहिल्या दिवशी शिकवला तोच तिथे सुटला. मला याचं जास्त वाईट वाटतं. नाशिकच्या खटल्यात निदान बचावाचे वकील तरी होते.

आणि तरी हाच माणूस १९२० ला पंजाबच्या हत्याकांडावरच्या हंटर कमिटीच्या अहवालाचा निषेध करायला मुंबईत सभा झाली तिचा अध्यक्ष होता, आणि त्या सभेत ठराव मांडायला गांधीजी होते. न्यायाधीश असताना जवळजवळ बारा वर्षं राजकारणावर तोंड बंद ठेवलेला माणूस, मधे थोडा काळ इंदूर संस्थानची दिवाणगिरी करून परत आलेला, साठी उलटल्यावर पुन्हा व्यासपीठावर. पुढे मुंबईच्या कायदेमंडळाचे पहिले बिनसरकारी अध्यक्ष झाले आणि त्या पदावर असतानाच १९२३ ला बेंगळुरूला वारले. त्यांना एका खणात टाकता येत नाही. मी टाकायचा प्रयत्न सोडलाय.

संपादक गप्प बसला तर तो संपादक नाही, आणि न्यायाधीश बोलत सुटला तर तो न्यायाधीश नाही. एका खुर्चीतून दुसरीत जाताना माणसाला आपला अर्धा स्वभाव दाराबाहेर ठेवावा लागतो हे मला पेपर सोडून कॉलेजात आल्यावर कळलं. पहिल्या वर्षी मी स्टाफ मीटिंगमध्ये प्रत्येक गोष्टीवर अग्रलेख देत असायचे. मग हळूहळू कळलं की इथे मत देण्यापेक्षा फाइल शोधणं महत्त्वाचं असतं.

एक सांगते. सुरगाण्याकडची एक मुलगी, तिसऱ्या वर्षाचा रिझल्ट राखून ठेवलेला. चार वेळा एसटीनं आली. प्रत्येक वेळी तिला कुणीतरी सांगत होतं की विद्यापीठाकडून येईल, वाट बघ. चौथ्या वेळी माझ्या टेबलापाशी आली तेव्हा मी तिला बसवलं आणि वकिलासारखं विचारायला लागले. पेपर कधीचा, हॉल तिकीट आहे का, बैठक क्रमांक कुठला, अंतर्गत गुणांची सही कुठल्या तारखेला केलीस. तिनं वहीत मागच्या पानावर सगळं लिहून ठेवलं होतं, तारखेसकट! मग मी त्या तारखेचं रजिस्टर काढलं. तिची सही होती, गुण होते, आणि ते पुढे ऑनलाइन भरलेच गेले नव्हते. आमच्याकडूनच. एका ओळीची चूक आणि त्यापायी तिची वकिलीची सनद घ्यायची सगळी प्रक्रिया सहा महिने अडकलेली. चूक दुरुस्त करायला बारा दिवस लागले, पत्र मी स्वतः लिहिलं आणि चूक आमची आहे असं त्यात स्वच्छ लिहून खाली सही केली. एका सहकाऱ्यानं सुचवलं होतं की तांत्रिक कारणास्तव असं लिहा. नाही लिहिलं. त्या दिवाणजींचे दोन इंच आठवत होते.

अशा तिहेरी वाटेनं गेलेलं आपल्याकडचं आणखी एक नाव आहे, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. १९०५ पासून मुंबई हायकोर्टात वकिली, बॉम्बे क्रॉनिकल पेपरच्या संचालकांत होते, १९३७ ला दिल्लीच्या फेडरल कोर्टाचे न्यायाधीश, आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. मधे १९२७ ला रस्त्यांच्या कमिटीचे अध्यक्ष पण होते, पेट्रोलवर कर घेऊन त्यातून रस्ते करायची पद्धत त्यांच्या अहवालातून आली, म्हणजे आपला आग्रा रोड सुद्धा त्या हिशेबातलाच. १९४९ ला पुणे विद्यापीठ सुरू झालं तेव्हा नाशिक त्यात गेलं, १९२४ पासून मुंबईशी जोडलेलं आपलं एचपीटी कॉलेज पण पुण्याकडे आलं. गव्हर्नरचा गणेशखिंडीतला बंगला आणि चारशे एकरांवर जागा विद्यापीठाला मिळाली त्यामागे जयकरांचा मोठा हात. तिथल्या लायब्ररीला त्यांचं नाव आहे. एचपीटीतून पुण्याला एमएला गेलेल्या कितीतरी पिढ्यांनी जयकरमध्ये बसून अभ्यास केला, माझी आई त्यातली. तिला जयकर म्हणजे कोण ते माहीत नव्हतं, तिला जयकर म्हणजे खिडकीजवळची जागा माहीत होती.

तर भाची. ती दुपारभर गप्प होती. मग संध्याकाळी म्हणाली चल मला ते विजयानंद दाखव. गेलो आम्ही दोघी स्कूटीवर, रविवार असल्यामुळे मेन रोडला ही गर्दी, स्कूटी लावायला जागा मिळेना. भाची उतरली आणि नुसती उभी राहून बघत राहिली, मग विचारलं की कान्हेरे कुठून आत आले असतील. मी म्हटलं प्रेक्षक म्हणूनच आले होते, आधीपासून आत बसलेले. ती म्हणाली, "आणि या सगळ्यावर इंदुप्रकाशनं काय लिहिलं असेल? चंदावरकर तेव्हा तिथे नव्हते ना?"

नव्हते, त्यांनी तो पेपर सोडून बरीच वर्षं झाली होती. ते सोडून गेल्यावर त्याच पेपरात १८९३ मध्ये अरविंद घोषांनी काँग्रेसच्या मवाळ धोरणावर इतकी कडक लेखमाला लिहिली की रानड्यांनी मालकांना जपून राहा म्हणून सांगितलं होतं. पेपर एकाचा राहत नाही. पण तिचा प्रश्न मला आवडला, कारण तो वकिलाचा पण आहे आणि पत्रकाराचा पण, दुसरी बाजू काय होती आणि ती कुठे छापलीय.

घरी आल्यावर तिनं माझ्याकडच्या निकालाच्या झेरॉक्स मागितल्या. पहिल्या पानावर जिथे तिन्ही न्यायाधीशांची नावं आहेत तिथे चंदावरकरांच्या नावाभोवती पेन्सिलनं गोल केला आणि बाजूला लिहिलं, अग्रलेख शोधायचे. सीईटीचा रिझल्ट लागायचाय अजून. शनिवारी सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालयात, जायचं ठरलंय, तिथल्या काकांना विचारू की इंदुप्रकाशचे जुने अंक बघायचे तर कुठे जावं लागेल.